बारदाना वजा

परतूर,
कोजागिरीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप दुर्गाक्काच्या पायाशी धाकट्या सर्जेरावचा दंडवत.

दाजींच्या कंबरेला उतार पडला का? तुझ्या ऑपरेशनच्या डोळ्यात तू थेंब वेळेवर घालतीस का, का ते बी म्हशीची धार काढून झाल्यावर आठवलं तर? तुझ्या भारतच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या असतील. इकडं मी, शालू आणि अक्षता तिघंही मजेत आहोत. (मजेत आहोत हे पत्राच्या सुरवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं काय ते खाली आहे.)

तू म्हणशील, फोन असताना सर्ज्याला पत्राची काय बाधा झाली? आक्का, राग मानू नको, पण तू फोन उचलला की आधी स्पीकर लावतीस. मंग माझं बोलणं दाजी ऐकतात, ओट्यावर टेकलेली माणसं ऐकतात, रस्त्यानं चाललेला माणूस बी थांबून ऐकतो. मागं मी तुला माझ्या मूळव्याधीचं सांगितलं, आणि पंधरा दिवसांनी जाफराबादच्या स्टँडवर एका बिलकुल अनोळखी माणसानं मला बाजूला घेऊन सुरणाची भाजी खायला सांगितली. माणूस भला होता, गुणही आला. पण आजचं बोलणं लेकीचं आहे. ते ओट्यावर जाऊ नये. म्हणून कागद.

तर अक्षताचं. जूनमध्ये शाळेत तपासणी झाली. तपासणाऱ्यानं आकडा लिहिणाऱ्याला ऐकू जावा म्हणून मोठ्यानं सांगितला, तो नववीच्या दोन्ही तुकड्यांना ऐकू गेला. घरी चिठ्ठी आली: वय चौदा, उंची पाच फूट एक, वजन एक्क्याऐंशी, मोठ्या डॉक्टरांना दाखवावे. मी चिठ्ठी चार वेळा वाचली. आक्का, मी पंचवीस वर्षं मोंढ्यात मापाडी आहे. पोतं नुसतं बघितलं तरी सांगतो, हे छप्पन्न भरंल, ते त्रेपन्न भरंल. पावशेराच्या पुढं चुकत न्हाई. आणि माझ्याच ताटाशेजारी बसणाऱ्या लेकराचं मला कळलं न्हाई. कळलं न्हाई असं बी न्हाई म्हणा. आपल्यात लेकरू भरलेलं दिसलं की घर भरलेलं दिसतं. शेजारणी म्हणायच्या, शालू, लेक कशी खात्यापित्या घरची दिसती! आणि शालू दुसऱ्या दिवशी अजून एक पोळी वाढायची.

त्यात तिच्या मानेचं एक होतं. मानेवर मागून काळसर पट्टा आल्ता, मखमलीसारखा. शालूला वाटायचं मळ. दर रविवारी ती बेसन-हळद लावून, मंग लिंबाची फोड, मंग घासणी, असं पोरीची मान लाल होईपर्यंत घासायची आणि वरून बोलायची, एवढी मोठी झाली, मान धुता येत न्हाई! पोरगी डोकं खाली घालून बसायची. (हे मी लिहिलं म्हणून शालूला काही बोलू नको. तिचं तिला पुरेसं आहे.)

जालन्याला एक डॉक्टर आहेत, दीपमाला मॅडम. अशाच लेकरांना बघतात. त्यांनी आधी मान बघितली आणि शालूला म्हणाल्या, "ताई, हा मळ नाही. हे आतून आलंय. घासून जाणार नाही, आणि यात तिची काही चूक नाही." शालू तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी खिडकीतून खाली लावलेल्या मोटारसायकली मोजत राह्यलो. एकोणीस होत्या. मंग रक्त तपासलं. शुगर अजून न्हाई, पण उंबरठ्यावर येऊन उभी आहे असं मॅडम म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मला आमच्या घराचा उंबरठा ओलांडायची भीती वाटायला लागली. बाकी त्यांनी सांगितलं ते सोपं होतं. पोरीला उपाशी ठेवायचं न्हाई. वाढतं वय आहे, वजन आहे तिथं थांबलं तरी उंची पुढं जाईल. तिला एक ताट आणि घरच्यांना दुसरं असं करायचं न्हाई. जे बदलायचं ते सगळ्यांनी. पाकिटातलं आणि बाटलीतलं गोड बंद. झोप नऊ तास. रोज तासभर हालचाल, तिला आवडंल ती. आणि तिला वजनावरून बोलायचं न्हाई, कोणीच. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होतो. पण आक्का, भेदरलेल्या माणसाच्या कानात एकच शब्द शिरतो. माझ्या कानात 'वजन' तेवढा शिरला.

मॅडमच्या दवाखान्यातून मनगटाला बांधायचा एक पट्टा मिळाला, घड्याळासारखा. पावलं मोजतो, झोप मोजतो, छातीचे ठोके मोजतो. आणि त्याच्या जोडीला फोनमध्ये एक ॲप. ते ॲप मराठी बोलतं, आणि फार अदबीनं बोलतं. अक्षताला स्वतःचा फोन न्हाई, म्हणून ते माझ्या फोनात टाकलं. तिथंच पहिली चूक झाली, कारण पोरगी शाळेत आणि फोन माझ्या खिशात, मोंढ्यात. दुसऱ्याच दिवशी हरभऱ्याचा सौदा चालू होता. राधेश्याम शेठ आणि दुसरा एक व्यापारी हट्टाला पेटलेले, माल आणणारा शेतकरी श्वास धरून उभा, सगळं शेड चिडीचूप; आणि माझ्या खिशातून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "अक्षता, तुम्ही आज पाणी प्यायलात का?" राधेश्याम शेठ बोली विसरले. मी घाईघाईत काय दाबलं कोण जाणे, ती अजून मोठ्यानं म्हणाली, "शाबास! आता उठून पाच मिनिटं चाला." तेव्हापासून दर दोन तासाला ती बोलायची, आणि हमाल पाठीवरचं पोतं उतरवून म्हणायचे, "चला रे, अक्षताबाईचा हुकूम आला," आणि माठाकडं जायचे. महिन्याभरात मोंढ्यातल्या चाळीस माणसांची तब्येत सुधारली. राधेश्याम शेठ तर पोट सावरत शेडला दोन-दोन चकरा मारायला लागले. जिच्यासाठी ती बाई बोलत होती, तिच्यापर्यंत मात्र एक शब्द पोचत नव्हता.

जेवणाचं बी त्यात होतं. ताटाचा फोटो काढायचा, मंग ते ओळखून सांगणार, किती काय पोटात चाललं. मंग आमच्याकडं ताटं वाढून झाली की मी उभा राहून फोटो काढायचो, शालू आणि अक्षता हात मागं घेऊन बसायच्या, आणि भाकरी वातड व्हायची. त्या ॲपला ज्वारीची भाकरी ओळखू येईना. एकदा पापड म्हणालं, एकदा पुन्हा प्रयत्न करा म्हणालं. शालूच्या धपाट्याला तर ते पिझ्झा म्हणालं. शालूनं दोन दिवस माझ्याशी आणि फोनशी अबोला धरला.

पोरगी घरी आली की पट्ट्यातलं दिवसभराचं सगळं फोनात उतरायचं, आणि मी चष्मा लावून तिच्यासमोर फौजदारासारखा बसायचो.

"अकरा चाळीसला ठोके एकशे अठरा. काय झाल्तं?"

"गणिताचे सर आल्ते."

"दोन ते पावणेतीन एक बी पाऊल न्हाई?"

"भूगोल होता, पप्पा. भूगोलात चालत न्हाईत."

आधी ती अशी उत्तरं द्यायची, तेव्हा मला वाटायचं पोरगी उलट बोलायला लागली. मंग ती उत्तरं द्यायचीच थांबली, तेव्हा मला वाटलं सुधारली.

आता एक कबुली. त्या ॲपमध्ये रोज एक प्रश्न यायचा: आज मन कसं आहे? खाली पाच तोंडं, एका टोकाला हसणारं आणि दुसऱ्या टोकाला रडणारं. मला वाटलं हे तर मॅडमना दिसणार; लेक रडकी दिसली तर त्या म्हणतील, बापातच खोट आहे. शिवाय तो प्रश्न पहाटे पाचलाच येऊन बसायचा. ती झोपलेली, आणि मी शुगरच्या काळजीनं जागाच. म्हणून मीच तिच्या नावानं हसरं तोंड दाबून टाकायचो, स्वतःचं तोंड धुवायच्या आधी. रोज. (दाबताना मनात म्हणायचो, देवा, हे खरं होऊ दे. म्हणजे ते तसं खोटं बी नव्हतं, अर्जासारखं होतं.)

आणि मंग काटा. मॅडमनी सांगितल्तं, वजन आम्हीच बघू, महिन्यातून एकदा, तुम्ही घरी बघू नका. मला धीर निघंना. घरगुती प्लास्टिकच्या काट्यावर माझा भरोसा न्हाई. जन्मभर खरं वजन करत आलेला माणूस मी. म्हणून जुलैतल्या एका रविवारी, मोंढा बंद असताना, तिला म्हणालो चल, जरा काम आहे, आणि आमच्या शेडच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभं केलं. मला वाटलं, रविवार, कोण असणार? पण दोन हमाल सावलीला पडलेले होते, आणि चतुराबाई नेहमीसारखी सांडलेलं धान्य झाडून गोळा करत होती. आणि मी एक विसरलो, की शेतकऱ्याला वजन लांबून दिसावं म्हणून आम्ही शेडच्या बाहेर हातभर लाल आकड्यांचा बोर्ड लावलेला आहे. तो पेटला. आणि आक्का, पंचवीस वर्षांची जीभ. आकडा दिसला की आपोआप चालती. आम्ही भरल्या पोत्याच्या वजनातून रिकाम्या पोत्याचं वजन काढतो, म्हणजे मालाचं खरं वजन राहतं, ते तुला ठाऊक आहे. मी मोठ्यानं म्हणून गेलो, "एक्क्याऐंशी किलो चारशे! बारदाना वजा एक किलो, निव्वळ ऐंशी चारशे!"

हमाल हसले न्हाईत. हसले असते तर बरं झालं असतं. चतुराबाईनं झाडू थांबवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. अक्षता काट्यावरून उतरली, चप्पल घातली, आणि निघून गेली. घरी सरळ गेली न्हाई. रेल्वे स्टेशनच्या अंगानं लांबून फिरून, एकटीच गेली. त्या दिवशी पट्ट्यात सगळ्यांत जास्त पावलं पडली, सात हजार. मला, काय सांगू, आधी त्याचाच आनंद झाला.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत ती साडेतीन किलो उतरली. (शेवटी मी घरी काटा आणला. प्लास्टिकचाच.) मी मोंढ्यात पेढे वाटले. होय, वजन उतरलं म्हणून पेढे. राधेश्याम शेठनी दोन घेतले आणि विचारलं, "सर्जेराव, पोरीनं नक्की केलं काय?" मी छाती काढून म्हणालो, "ॲप."

दुसरा दिवस शनिवार, सकाळची शाळा. पावणेआठला शाळेतून फोन आला, अक्षता प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. मी काट्यावरचं पोतं तसंच सोडून पळालो. मोंढा ते शाळा पाऊण किलोमीटर असंल, मी एवढा आयुष्यात कधी पळालो नव्हतो. एक चप्पल पोस्टापाशी राहिली. जाऊन बघतो तर पोरगी बाकावर आडवी, ओठ पांढरे, आणि तिची मैत्रीण तिच्या तोंडात चिमूट-चिमूट साखर घालून राह्यलेली. वर्गाच्या बाई म्हणाल्या, कालपासून तिच्या पोटात अर्ध्या भाकरीशिवाय काही न्हाई. मंग ती मैत्रीण रडत म्हणाली, काका, तीन आठवडे झाले, हिचा डबा मीच खाती. ती म्हणायची कोणाला सांगू नको. आक्का, घरी संध्याकाळी ती अर्धी भाकरी खाऊन उठायची. आणि मी काय म्हणायचो माहिती का? शाबास म्हणायचो. त्या ॲपमधल्या बाईसारखं.

तिला घेऊन तसाच जालन्याला गेलो, एका पायात चप्पल न्हाई हे मला दवाखान्याच्या फरशीवर कळलं. मॅडमनी तिला तपासलं. डब्यातला स्वतःचा उपमा तिच्यापुढं ठेवला, आणि ती खाईपर्यंत शेजारी बसून राहिल्या, तिच्याकडं न बघता. मंग माझा फोन मागितला. बोटानं वर-खाली केलं आणि म्हणाल्या, "सर्जेराव, तुमची मुलगी अठ्ठावीस दिवस रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी आनंदी आहे. ती पाचला उठते?"

"न्हाई मॅडम. सातला."

"मग हे कोण आहे?"

"मी."

"तुम्ही पहाटे पाचला आनंदी असता?"

"न्हाई मॅडम," मी म्हणालो, "मी बी नसतो."

त्यांनी फोन अक्षताच्या हातात दिला आणि मला भिंतीकडं तोंड करून उभं राहायला सांगितलं. (भिंतीवर दातांचं चित्र होतं. बत्तीसच्या बत्तीस बघितले.) पोरीनं बराच वेळ लावला. रडणारं तोंड दाबलं, आणि त्याच्याखाली लिहायला जागा असती तिथं दोन वाक्यं लिहिली. मॅडमनी आधी तिला विचारलं, दाखवू का, आणि मंग मला दाखवली. लिहिल्तं, 'मला भूक लागली की लाज वाटते. मला कोणी मोजू नका.'

आक्का, एवढंच. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बराबर होतं. मी त्यातच चुका शोधत राह्यलो, म्हणजे मान वर करायला लागू नये.

मॅडम ओरडल्या न्हाईत, तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून ॲप माझ्या फोनातून निघालं आणि शालूच्या फोनात गेलं. ते उघडायचा गुप्त नंबर अक्षतानं स्वतः टाकला. आम्हाला काय दाखवायचं आणि काय न्हाई ते ती ठरवणार. मनाचं बोलणाऱ्या एक ताई आहेत, त्यांच्याशी ती दर बुधवारी व्हिडिओवर बोलती. काय बोलती ते मला माहीत न्हाई, आणि दाराला कान लावला तरी ऐकू येत न्हाई. घरातला काटा मी माळ्यावर टाकला. (तिसऱ्या दिवशी स्टूल लावून तो आहे का न्हाई ते बघून आलो.) आणि मला मॅडमनी एकच काम दिलं: आठवड्यात जमंल तेव्हा तासभर, पोरीला आवडंल ते तिच्यासोबत करायचं, आणि त्या तासात आपलं तोंड बंद.

तिनं सायकल निवडली. मागच्या वर्षी घेतलेली. एकदा पडली, गल्लीतलं कोणीतरी टायर बसलं बघ म्हणालं, तेव्हापासून ती सायकल भिंतीला टेकून होती आणि शालू तिच्यावर पायपुसणी वाळत घालायची. मी हवा भरली, तेल दिलं. आता चालवायची कुठं? गल्लीत न्हाई म्हणाली, ग्राउंडवर पोरं असतात. मंग तिनंच सांगितलं, मोंढ्यात जाऊ. मी म्हणालो, मोंढ्यात? तिथं तर... ती म्हणाली, "बोर्ड बंद ठेवा म्हणजे झालं."

रविवारी सकाळी सातला मोंढ्याचं रिकामं काँक्रीट. ती सीटवर, मी मागून कॅरिअर धरून. मी धरलं म्हणजे धरलंच. पोती धरणारे हात आहेत. चार रविवार मी तिच्यामागं वाकून पळालो. (बोलायची मनाई, म्हणून मनातल्या मनात ओरडायचो. त्यानं दम जास्त लागतो.) पाचव्या रविवारी ती म्हणाली, "पप्पा, सोडा आता." मी सोडलं न्हाई. "पप्पा, सोडा ना." न्हाई. समोर शेडचा खांब, पलीकडं पाण्याचा हौद, कडंला गोण्यांची थप्पी. बाप माणूस सोडंल कसा? मंग ती ओरडली, "अहो, सोडा की!" आणि पायडलवर असा जोर मारला की माझा हात सुटला, मी गुडघ्यावर आदळलो आणि तसाच पालथा पडलो. मान वर करून बघतो तर सायकल खांबाला वळसा घालून, हौदाला वळसा घालून चाललेली, वेणी मागं उडती, आणि पोरगी हसून राह्यली. मोठ्यानं. कितव्या महिन्यानं हसली ते मी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. चक्कर मारून ती माझ्याजवळ आली, माझा फुटलेला गुडघा बघितला, पण थांबली न्हाई. जाता जाता म्हणाली, "तास व्हायचाय अजून."

मंग शालूला चेव आला. तिला लहानपणी कोणी सायकलला हात लावू दिला नव्हता, तो सगळा राग बाहेर निघाला. साडीचा काचा मारून बसली, अक्षतानं मागून धरलं, आणि पोरीनं माझ्यासारखं केलं न्हाई. आईनं सोड म्हणताच सोडलं. आता सोयाबीनचा हंगाम, शेडमध्ये ढीगच ढीग. शालू त्यातल्या एका ढिगात सायकलसकट कंबरेइतकी गेली. माल राधेश्याम शेठचा. ते योगायोगानं चकरा मारायला आलेले, त्यांनी ढिगातून बाहेर आलेलं शालूचं डोकं बघितलं आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, बसा, बसा." अक्षता हसता हसता खालीच बसली. शालूच्या अंबाड्यातून दोन दिवस सोयाबीन गळत होतं.

तर आता असं चालू आहे. चहा तिघांचा बी बिनसाखरेचा. ताट एकच, डाळ, भाजी, भाकरी, काकडी-कांदा, सणाला गोड, पण ते बी सगळ्यांना आणि कोणाच्या नजरा चुकवून न्हाई. शालूनं बिस्किटांचा डबा शेजारणीला देऊन टाकला आणि आता नुसता डबा परत मागायला जाऊन राह्यली. अक्षता तिचा डबा स्वतः भरती आणि स्वतः खाती. (ती मैत्रीण सुकत चालली म्हणून तिची आई काळजीत आहे.) साडेनऊला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात, आणि पोरगी ढाराढूर. ॲपला आता भाकरी ओळखू येती. पोरीनंच त्याला शिकवली म्हणे. मागच्या महिन्यात रक्त तपासलं, शुगर उंबरठ्यावरून दोन पायऱ्या खाली उतरली. मान तशीच आहे, मॅडम म्हणतात वेळ लागंल. शालू तिथं आता तेल लावती, हलक्या हातानं. वजन किती ते मला माहीत न्हाई आणि मी विचारलं न्हाई. (मॅडमना विचारलं, तीनदा. त्या सांगत न्हाईत.) सगळं चांगलं चाललंय, आक्का, आणि म्हणूनच मला झोप न्हाई. वाईट चाललेलं असलं की माणूस निदान एका जागी उभा राहून भितो. चांगलं चाललं की रोज नवी भीती शोधावी लागती. परवा ती शाळेतून सायकलवर आली, वीस मिनिटं उशीर. मी फाटकापर्यंत तिला शोधायला गेल्तो. ती मैत्रिणीसोबत पेरू खात उभी होती. मी झाडाआड लपलो आणि ती पुढं गेल्यावर मागून चालत आलो.

आता लग्नाचं. मी आणि शालू दोन दिवस आधी येऊ, हळदीची तयारी शालू बघंल. अक्षताचं मात्र नक्की न्हाई. त्याच तारखांना तिची शाळेत सराव परीक्षा आहे, आणि नववीचं वर्ष, बुडवता येत न्हाई. भारतला वाईट वाटंल, त्याला समजावून सांग. दाजींनी ओझं उचलू नये. तू डोळ्याला धूर लागू देऊ नको.

तुझा,
सर्जेराव

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून उघडलं. आक्का, परीक्षा न्हाई. अक्षताला लग्नाला यायचंच न्हाई. भारतदादा म्हणजे तिचा जीव, त्याच्या हळदीला काय घालायचं हे ती दोन वर्षांपासून ठरवून बसलेली. म्हणून काल मी तिला विचारलं. वैशाखात भारतच्या सुपारीला आपण सगळे जीपनं नवरीच्या गावाला निघाल्तो, आठवतं का? तू पुढून म्हणालीस, "अक्षताला मधी बसवा रे, कडंला बसली तर जीप लवंल." तू मायेनं म्हणालीस, तुझ्या ध्यानात बी नसंल. सगळी जीप हसली. ती त्या दिवशी तिथं जेवली न्हाई, ते आपल्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं न्हाई. म्हणून विनंती अशी, की ती आलीच, तर तिला जाड म्हणू नको, आणि बारीक झालीस असं बी म्हणू नको. नवरीकडच्यांना सांग, ही आमची अक्षता. तेवढंच.

आणखी ता. क. वरचं वाचून तुला वाटंल, सर्जा मलाच दोष देऊन राह्यला. तसं न्हाई. पुढचं लिहायला हात धजंना म्हणून तुझं नाव पुढं केलं. काल ती एवढ्यावर थांबली न्हाई. म्हणाली, "आत्याचं काही न्हाई, पप्पा. आत्या सगळ्यांनाच बोलती. पण सगळ्यांत आधी तुम्ही हसलात."

हसलो होतो, आक्का. मला आठवतंय.

मला तिची माफी मागायची आहे. पण आपल्या बापानं कधी कोणाची मागितली न्हाई, मी कानानं ऐकली न्हाई, मला त्याचे शब्दच माहीत न्हाईत. आई गेल्यावर मला बोलायला तूच शिकवलंस. तर बापानं लेकीची माफी कशी मागायची, पहिला शब्द काय म्हणायचा, आणि ती गप्प बसली तर मंग काय करायचं, हे जल्दी लिहून कळव. भारतचं लग्न काय, होऊनच जाईल. हे राहून जायला नको.